पाटीवरची खोळ

साहेब गाडीत नसले की त्यांच्या हुद्द्याच्या लाल पाटीवर खोळ चढवायची, असा नियम. त्या सकाळी ड्रायव्हर हिरामण खोळ काढायलाच विसरला. मानकोली नाक्यावर हवालदार धम्मदिनाने गाडी ट्रकांच्या रांगेत उभी केली.

"मॅडम, सोडा ना. साहेबांना दापोड्याला उद्‌घाटनाला पोचायचंय."

"पाटी झाकलेली हाय. म्हंजे साहेब गाडीत न्हायत."

मागची काच खाली आली. "अहो, मीच साहेब!"

"असं सगळेच म्हणतात. आम्ही पाटी बघतो."

साहेब तणतणत उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खोळ ओढून काढली. धम्मदिनाने पाटीला कडक सॅल्यूट ठोकला.

"आता परत चढवा, साहेब."

"का?"

"गाडीत साहेब कुठं हायत?"