दसऱ्याची तलवार

“इतिहास घेऊन पोरगी काय मांडूच्या किल्ल्यावर गाईड होणार?” मामंजी बशीत चहा ओतताना पुटपुटले. अंकिताला अकरावीत गणित सोडून इतिहास हवा होता आणि शाळेत आजच विषय कळवायचा होता. तिच्या आईने, अंजूने, भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिलं. पानिपतावर गाजलेली म्हणून देवासच्या या घरात ती दर दसऱ्याला पुजली जाई. ती घासायचं काम सुनेचं. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला अंजूच्या हातात पातं पत्र्यासारखं वाकलं, तेव्हा सासूबाईंनी ते हळूच सरळ केलं आणि विषय बदलला. “आजोबा, पहिला प्रोजेक्ट तर मी आपल्या तलवारीवरच करणार ना!” अंकिता म्हणाली. मामंजींनी बशी खाली ठेवली. “बेटा, ती नाटकातली आहे. आपले पूर्वज लढलेबिढले नाहीत, राजवाड्यात पुऱ्या तळत होते. हे लिहायची हिंमत असेल तर घे इतिहास.”