कानाशी धरलेली शेंग

सरलाताईंनी ढिगातली एक फरसबी उचलली, टोकाला अंगठा लावला, तेवढ्यात श्रीरंगरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"मोडू नकोस, सरू. घ्यायची तर तशीच घे."

सरलाताईंच्या गावचा, नेपरव्हिलचा, शनिवारचा बाजार. स्टॉलवरची बाई दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती, तिचं लक्षही नव्हतं. पण भाजीच्या ढिगापुढे आले की श्रीरंगरावांचा पहारेकरी होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सत्तरी आली, डब्लिनहून बहिणीकडे दोन दिवस आरामाला म्हणून आले, तरी ड्यूटी काही सुटत नव्हती.

"त्या बाजारात आईची काय शोभा झाली, विसरलीस?"

"मला तसं आठवतच नाही," सरलाताई म्हणाल्या. "तो भाजीवाला स्वतः शेंग मोडून आईपुढे धरायचा. आई हसायची."

"पाच वर्षांची होतीस तू. तुला काय आठवणार, कप्पाळ!"

वाद जुनाच. वडील इंग्लंडमधल्या एका लहानशा गावी डॉक्टर होते. दर बुधवारी तिथल्या चौकात बाजार भरायचा, आणि आई साडीवर ओव्हरकोट चढवून दोन्ही मुलांना घेऊन जायची. तिथली रीत अशी की मालाला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, भाजीवाला भरून देणार. आईने पहिल्याच बुधवारी, ताजी आहे का बघायला, फरसबी कट्‌कन मोडून बघितली आणि भाजीवाला भर चौकात तिच्यावर ओरडला. दहा वर्षांच्या श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुन्हा त्या बाजारात गेला नाही. सरला लहान, तिला घरी कोण सांभाळणार? ती आईबरोबर जातच राहिली.

आता आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. सरलाताईंना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपल्याला आठवते ती हसणारी आई खरी, की आपणच मनाने रचलेली.

"आजी! ओ माय गॉड, शी रिप्लाइड!" नात प्रीता लेमोनेडच्या रांगेतून फोन नाचवत धावत आली. तिने त्या गावच्या आठवणींच्या फेसबुक ग्रुपवर विचारलं होतं, बुधवारच्या बाजारात साडी नेसून येणारी बाई कुणाला आठवते का. "त्या बीन्सवाल्याची डॉटर आहे. शी वॉन्ट्स टु टॉक. राइट नाऊ!"

स्क्रीनवर पांढऱ्या केसांची, गोल चेहऱ्याची एक बाई आपल्या स्वयंपाकघरात बसलेली दिसली. पॉलीन तिचं नाव. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

"डॉक्टरांच्या मिसेस ना? त्यांना कोण विसरेल!"

सरलाताईंनी आडवळण न घेता विचारलं, "तुमचे वडील माझ्या आईवर ओरडले होते का?"

"हो," पॉलीन म्हणाली. "फार ओरडले. मी स्टॉलच्या मागेच उभी होते."

बघ, म्हटलं नव्हतं मी, असं श्रीरंगरावांनी डोळ्यांनीच सुनावलं. सरलाताईंचा चेहरा पडला.

"पण तुमच्या आईने काय केलं, माहितेय?" पॉलीन पुढे बोलतच होती. "डॅडकडे बघून छान हसल्या. दुसरी शेंग उचलली, कानाशी नेऊन मोडली, आणि म्हणाल्या, गुड! असल्या बाईपुढे डॅड काय बोलणार? पुढच्या बुधवारपासून तेच शेंग मोडून त्यांच्या कानाशी धरायला लागले. मग बाकीच्या बायकाही कान पुढे करायला लागल्या. मी अजून बीन्स कानाशी मोडून घेते, माझ्या मुलीही घेतात. फक्त एक कधी कळलं नाही." ती स्क्रीनच्या जवळ सरकली. "तिथे ऐकायचं काय असतं? ही तुमच्याकडची पद्धत का?"

सरलाताईंनी भावाकडे पाहिलं. भाजी कानाशी धरायची पद्धत त्यांनी जन्मात कुठे पाहिली नव्हती. मग त्यांना हसू फुटलं, ते आवरेना.

"पद्धत कसली हो! आईला कमी ऐकू यायचं. उजव्या कानाने तर काहीच नाही. मोडल्याचा आवाज ऐकायचा तर शेंग डाव्या कानाशीच न्यावी लागायची."

पॉलीनने तोंडावर हात ठेवला आणि मग तीही खदखदून हसली. प्रीता तर फोन हलवून हलवून हसत होती. श्रीरंगराव तेवढे हसले नाहीत.

"तुमचे वडील कुठे उभे असायचे?" त्यांनी विचारलं.

"डॅड? तराजूपाशी. म्हणजे तुमच्या आईच्या उजव्या हाताला. का?"

श्रीरंगरावांनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. सरलाताईंचं हसू हळूहळू ओसरलं. भावाचा धाक वाटायचं वय सरलं होतं. आता त्यांना त्याची कीव आली, आणि माया. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"दादा, आईला ते ऐकूच गेलं नाही रे. सगळं तुला एकट्यालाच ऐकू आलं."

श्रीरंगराव ढिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी एक शेंग उचलली. स्टॉलवरच्या बाईकडे चोरून पाहिलं. शेंग डाव्या कानाशी नेली आणि टोक मोडलं.

"गुड?" फोनमधून पॉलीनने विचारलं.

त्यांनी डोळे पुसले आणि दुसरी शेंग उचलली.