मुठीचं माप

रसूलभाईंनी आपल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर फडकं अंथरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं ठेवली. दोन्ही छऱ्यांची, नेमबाजीची. एक परदेशी, कुणा साहेबानं गाव सोडताना विकलेलं, अक्रोडाच्या लाकडाची कोरीव मूठ असलेलं. दुसरं काळं, हलकं, सरळसोट मुठीचं. पाहणाऱ्याला जत्रेतलं वाटावं असं.

माजी सुभेदार मानसिंग सकाळच्या एसटीनं कोरेगावाहून सांगलीला आले होते ते लेकीला पहिलं पिस्तूल घ्यायला. अंजना कॉलेजात एनसीसीत होती. पुढच्या महिन्यात पुण्याला नेमबाजीच्या संघाची निवड होती आणि पिस्तूल ज्याचं त्यानं आणायचं होतं. ही एकच संधी. नाही निवडली गेली तर पाहुण्यांना होकार कळवायचा, असं तिच्या आईनं आधीच ठरवून टाकलं होतं.

सुभेदारांनी कोरीव मुठीचं पिस्तूल उचललं, हात लांब करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलं आणि स्वारी खूश झाली.

"झ्याक हाय. वजनाला बी दणकट. हेच घ्यू."

"सुभेदार, नेम तुमी धरणार का पोरगी?" रसूलभाई म्हणाले. "चप्पल घ्यायची लेकीला आन् पाय घालून बघताय तुमीच!"

अंजनानं हसू दाबलं. सुभेदार जरा वरमले आणि पिस्तूल तिच्या उजव्या हातात दिलं. मूठ उजव्या हातासाठीच कोरलेली होती. अंगठ्याला खाच, तळव्याला उंचवटा. मग त्यांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढून नळीवर अलगद ठेवलं. पलटणीत रंगरुटांना ते असंच शिकवत. दहा मोजेपर्यंत नाणं पडता कामा नये.

तीनला पडलं. पुन्हा ठेवलं, चारला पडलं. अंजनाचे कान लाल झाले. गेले सहा महिने ती रोज सकाळी अंगणात उभी राहून उजव्या हातात भरला तांब्या तोलून धरत होती. हलकं पिस्तूल घेऊन पाहिलं, तर त्यावरूनही नाणं पाचला घसरलं आणि घरंगळत काउंटरखाली गेलं.

"घाबरतीया," सुभेदार म्हणाले खरे, पण त्यांचाच जीव खालीवर व्हायला लागला होता. पुण्यात हात असाच हलला तर पोरगी पहिल्याच दिवशी घरी.

रसूलभाईंनी नाणं उचलून दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोरी, आज तारीख काय गं? हितनंच बोट दाखव बघू कॅलेंडरवर."

अंजनाचा डावा हात वर गेला. सरळ, लांब, तारखेच्या चौकोनावर रोखलेला. जरासुद्धा हलत नव्हता. दुसऱ्याच क्षणी चटका बसल्यासारखा तिनं तो मागं घेतला, उजवा पुढं केला आणि चोरून बापाकडं पाहिलं.

रसूलभाई काउंटरची काच पुसत राहिले.

सुभेदारांनी मात्र ती नजर पाहिली. पोरगी पाच वर्षांची असताना ते सुट्टीवर आले होते आणि ती डाव्या हातानं जेवते म्हणून रुमालानं तो हात पाठीशी बांधून तिला ताटावर बसवलं होतं. सुट्टी संपेपर्यंत, रोज. पोरगी रडली नव्हती. पलटणीत परतल्यावर त्यांनी ते सगळ्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

"अंजे, डाव्या हातात धर."

"नगं आबा. उजव्यानं हुईल की. सवय हाय मला."

"सवय मीच लावली. धर म्हंतो न्हवं!"

तिनं कोरीव मुठीचं पिस्तूल डाव्या हातात घेतलं. खाच उलट्या बाजूला आली, उंचवटा बोटांना रुतला. ते खाली ठेवून तिनं काळं उचललं. त्या सरळ मुठीला डावं-उजवं काही नव्हतं. तिनं हात लांब केला, श्वास रोखला. सुभेदारांनी नाणं ठेवलं आणि मोजायला लागले.

दहा झाले. ते थांबले नाहीत. वीस झाले. तिसाच्या पुढं ते मोजायचं विसरून लेकीच्या हाताकडंच बघत राहिले, तेव्हा काच पुसता पुसता रसूलभाईंनीच पुढचं मोजायला घेतलं. पन्नासला अंजना स्वतःच म्हणाली, "आबा, हात दुखला," आणि नाणं उचलून तिनं बापाच्या हातावर ठेवलं.

"काळंच बांधा," सुभेदार म्हणाले. कोरीव मुठीकडं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

परतीच्या एसटीला अजून वेळ होता. स्टँडवर त्यांनी तिखट चुरमुऱ्यांच्या भडंगाची पुडी घेतली, सोडली आणि लेकीपुढं धरली. अंजनानं पिस्तुलाची पेटी डाव्या काखेत सरकवून उजवा तळवा पुढं केला. सुभेदारांनी पुडी काही कलती केली नाही. नुसतेच उभे राहिले. तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिनं पेटी दुसऱ्या काखेत घेतली आणि घाबरत घाबरत डावा तळवा पसरला.

"आबा, डाव्यानं खाल्लेलं आईला कळलं तर?"

"तुजी आई कोरेगावात हाय," सुभेदार म्हणाले, आणि तळवा भरून भडंग खाली सांडायला लागलं तरी ओततच राहिले.