रागिणीची सायकल

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रागिणी सहा महिने अकोल्याला आईकडे होती. अमरावतीहून नवऱ्याचा, किशोरचा फोन यायचा, "आज तुयी सायकल सर्व्हिसिंगले देली होती. ब्रेकचे पॅड बदलून घेतले. तू बरी झाली का जाऊ दोघं पोहऱ्याच्या जंगलात." फोन ठेवला की ती आईला म्हणायची, "पाह्य, मी इथं पडून आहो अन् तो मायी सायकल जपून राह्यला."

घरी परतल्यावर, किशोर ऑफिसला गेलेला असताना, तिनं हौसेनं सायकल बाहेर काढली. सीटवर बसली, तर पायाची बोटंही जमिनीला टेकेनात. सीट चांगली चार बोटं वर गेली होती. सायकल हातात धरून ती चौकातल्या दुकानात गेली.

"दादा, सीट खाली करून द्या जरा."

मेकॅनिकनं सायकल लगेच ओळखली. "खाली काहून? किशोरभाऊनंच वर करायले सांगतली होती. वहिनी उंच हायेत ना. सीट खाली राह्यली का चढावर त्यायचे गुडघे दुखतेत."

मग पाना उचलत त्यानं सहज विचारलं,



"तुमी भाऊच्या बहीण काय?"