सोसायटीच्या छत्रीवरचा डेनिस

रामहरीच्या थोरल्या नातीचं लग्न झालं ते दोन हजार तीन साल. पाऊस रुसल्याचं ते तिसरं वर्ष. लग्न पुण्यात होतं. देवकाजवळ ठेवायला नातीनं आजीचा फोटो मागितला.

"न्हाई," रामहरी म्हणाला.

"एकबी न्हाई, आबा?"

"तवा खायचे वांदे होते, बाई. फोटो कोण काढतंय?"

नातीनं आजीच्या नावाची सुपारी ठेवली. अक्षता पडल्या तशी रामहरीनं पिशवी उचलली. लेक म्हणाला, दोन दिवस राहा. गावात घर रिकामंच आहे, कोण वाट बघतंय?

"उद्या बुधवार हाय," रामहरी म्हणाला आणि एसटी धरली.

बुधवारी दुपारी अडीचला डेनिस लागायचा.

तेलगावच्या अलीकडं त्याचं गाव. दूध सोसायटीच्या खोलीत टीव्ही होता आणि पत्र्यावर माजलगावच्या चाँद मेकॅनिकनं बसवलेली डिशची छत्री. त्या छत्रीत कुठलं कुठलं सापडायचं. एक चॅनल ऑस्ट्रेलियाचं. त्यावर हा डेनिस टेबलामागं बसून पाहुण्यांची फिरकी घ्यायचा आणि न दिसणारी माणसं हसायची. रामहरीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

"काका, समजतंय का काई?" चाँद विचारायचा. "मराठी लावून देतो की. लई हसवत्यात."

"तू तुझा पाना सांभाळ."

रामहरी काठीवर हनुवटी टेकायचा, डोळे मिटायचा. हसण्याचा लोट आला की एक बोट वर करायचा. हसणं विरलं तरी बोट तसंच. मग थोड्या वेळानं खाली. गाणं लागलं की उठून जायचा. गावात म्हणत, काका हसू मोजत्यात.

हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, असं तो सांगायचा. बहात्तरच्या दुष्काळात दूध पावडर वाटणाऱ्या गोऱ्या लोकांबरोबर हा पाझर तलावाच्या कामावर आला होता. वीस-बावीसचं पोरगं. खांद्याला आवाज धरायचं खोकं. घणाचा आवाज, खडी ओतल्याचा, गाढवाच्या ओरडण्याचा, बायांच्या हसण्याचा, जे सापडेल ते भरून घ्यायचा. एकदा गाढवावर उलटा बसला. गाढवानं त्याला पाडलं आणि खोक्याला लाथ घातली. अख्खं काम पोट धरून हसलं, आणि खोकं चालूच होतं. त्यालाही तेव्हाच कळलं असेल, आपल्याला काय जमतं ते.

कुणाला खरं वाटत नव्हतं. मग एका बुधवारी डेनिसनं तेच खोकं टेबलावर ठेवलं. कोपऱ्यात हा एवढा पोचा.

"गाढवाची लाथ," रामहरी म्हणाला. चाँद पोचा बघायला टीव्हीजवळ सरकला.

सोसायटीचा सचिव पंडित बारावी शिकलेला. त्यानं ऐकून सांगितलं, डेनिस आधी रेडिओत होता, मग टीव्हीत, बावीस वर्षं हाच कार्यक्रम. दोन लग्नं मोडली. घरात तो आणि एक कुत्रं.

"एकलाच हाय तर," रामहरी म्हणाला.

"अन म्हणतोय, मला हसलेली पहिली मंडळी मी आजूनबी सोबत घेऊन फिरतो."

"कशी बे?" चाँदनं विचारलं.

"आसंच. मोठ्या माणसाला बोलावं लागतं."

रामहरीनं खोक्याकडं बघितलं, मग डोळे मिटले.

त्या उन्हाळ्यात गावची जनावरं चारा छावणीला गेली. सोसायटीत दुधाचा थेंब येईना. मीटिंगमध्ये ठरलं, कुलूप लावायचं, टीव्ही आणि छत्री काढायची.

"सोमवारी चाँद येतोय," पंडित म्हणाला.

सोसायटी निघाल्यापासून रामहरीनं तिथं कधी काही मागितलं नव्हतं. तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "बुधवारी उतरवा."

"काका, बुधवारी त्याचा शेवटचाच हाय. रिटायर व्हायलाय तो."

"मग बुधवारीच."

"येवढी माया? त्यो वळखतो का तुमाला?"

"त्यानं कावून वळखावं?"

पंडितला हसू आलं, पण त्यानं सोमवारचं बुधवारवर ढकललं.

बुधवारी दोनला लाईट गेली. रामहरी टीव्हीच्या काळ्या काचेसमोर जाऊन बसला. काठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. छत्री उतरवायला आलेल्या चाँदनं ते पाहिलं. शिव्या घालत त्यानं आपल्या जीपमधली बॅटरी काढली, जीपमध्येच पडलेला इन्व्हर्टर तिला जोडला आणि अडीचला पाच मिनिटं राहिली असताना चित्र आलं.

"काका, तुमच्यापायी जीप हितंच मुक्कामाला."

"बस खाली. आवाज वाढव."

डेनिसच्या डोक्यावर आता केस नव्हते. एकेक पाहुणा येऊन त्याला मिठी मारून गेला. शेवटी तो एकटा उभा राहिला, काहीतरी बोलला आणि हसण्याचा मोठा लोट आला. रामहरीचं बोट वर गेलं.

हसणं ओसरलं. थांबलं. पुढचं बोलायचं सोडून डेनिसही कान देऊन उभा.

मग सगळ्यांच्या मागून, लांबून, एक बाई एकटीच हसली. शेवटाला उचकी लागल्यासारखं.

रामहरीचं बोट खाली आलं.

"झालं," तो म्हणाला. "उतरव छत्री."

"टाळ्या चालू हायत, काका. बघा की."

"टाळ्याचं काय करू?"

तो काठी टेकत उन्हात बाहेर पडला.

रामहरीच्या बायकोला, रुक्मिणीबाईला, कुठल्याही गमतीचं हसू सगळ्यांच्या मागून यायचं आणि हसता हसता उचकी लागायची. त्र्याहत्तर सालच्या एप्रिलात, त्याच पाझर तलावाच्या कामावर, ऊन लागून ती वारली.