कानाच्या नंबरचा गुडघा

नवा यांत्रिक कान बसवल्यापासून शालनबाईंचा कृत्रिम गुडघा मधूनच आपोआप उचलला जाई. क्लिनिकमध्ये तंत्रज्ञ रेणुकाने तपासून पाहिलं आणि तिला हसूच आलं.

“बाई, अंगातली सगळी यंत्रं दोनच तारांवर जोडलेली असतात. मुख्य चिप नंबर पुकारते. ज्याचा नंबर, तो ओ देतो. तुमच्या कानाला आणि गुडघ्याला चुकून एकच नंबर पडलाय. मोठा आवाज झाला की कानाला सुटणारा हुकूम गुडघाही पाळतोय. जिन्यात पडाल अशाने. लगेच बदलते.”

तेवढ्यात शेजारच्या शाळेच्या मैदानावर हलगी कडाडली. मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव सुरू झाला होता. शालनबाईंचा गुडघा नेमका ठेक्यावर उचलला गेला. पुन्हा, आणि पुन्हा. त्याच मैदानावर जन्मभर लेझीम शिकवलेल्या बाई खुर्चीवरून उठल्या.

“बदल गं,” पदर खोचत त्या म्हणाल्या, “पण मिरवणूक होऊन जाऊ दे.”