रविवारचा डबा

फुमिए गेल्याचं ओगाता पंचांना कळलं ते तिच्या घराच्या दारातच. तिला जाऊन बारा दिवस झाले होते. लागोपाठ दोन रविवार ती आली नाही, म्हणून म्हातारा नदीपलीकडून चालत चौकशीला आला होता. डाव्या हातात निळ्या कापडात बांधलेला तिचा डबा होता.

दार तिच्या नवऱ्याने, साकोदाने उघडलं. जुनं उकरून काढायला आला, असं वाटून त्याचा चेहरा ताठ झाला. मग पंचांनी फुमिएबाई बऱ्या आहेत ना, असं विचारलं. साकोदा नुसता बाजूला झाला. आतल्या फोटोला काळी फीत होती, पुढे अस्थींचा कलश. म्हातारा उंबऱ्यावरच बसला.

जूनमध्ये मुलांच्या बेसबॉल सामन्यात पंच म्हणून ओगातांनी साकोदाच्या मुलीला बाद दिलं होतं. साकोदा जाळी ओलांडून मैदानात धावला. "डोळे घरी ठेवून आलास का, म्हाताऱ्या?" म्हणत त्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. म्हातारा उजव्या मनगटावर पडला. हाड मोडलं. संघाच्या लोकांनी विचारलं, तेव्हा पाय घसरला एवढंच तो म्हणाला. साकोदानेही घरी तेच सांगितलं. महिन्याभरात त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. पण सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीने बॅट कपाटात टाकली ती टाकलीच. फुमिए भांडी विसळत राहिली. फक्त तेव्हापासून दर रविवारी ती डबा बांधून बाहेर पडायची. वृद्धाश्रमातल्या मावशीला देते, म्हणायची.

पंच फोटोसमोर बसले. उजव्या हातात काडी धरवेना, तेव्हा साकोदाने उदबत्ती पेटवून दिली. मग म्हाताऱ्याने डबा पुढे सरकवला. कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून आत अंगणातली चार हिरवट संत्री होती.

"या हाताने तांदूळसुद्धा धुता येत नव्हते," पंच म्हणाले. "त्यांनी एक रविवार चुकवला नाही. आणि दर वेळी तुमचा निरोप असायचा. माझं चुकलं, तोंड दाखवायची हिंमत होत नाही, म्हणून बायकोला पाठवतोय. मी त्यांना म्हणायचो, अहो, त्यांना सांगा, मी कधीच विसरलो. तेच तुम्हाला समोर सांगायला आलो होतो."

साकोदाने एकही निरोप पाठवला नव्हता.

त्याने तोंड उघडलं. खरं सांगावं, तर फोटोतली फुमिए खोटी पडत होती. गप्प राहावं, तर म्हातारा प्रेमाने बघत होता. त्याने चटईला कपाळ टेकवलं आणि तो बराच वेळ उठला नाही. फुमिएला उदबत्ती वाहिल्याबद्दल आभार मानतोय असं समजून पंचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उजवा होता, वाकडा जुळलेला.

उद्या रविवार आहे. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला आहे. फुमिएने सतरा रविवार नवऱ्याच्या नावाने मागितलेली माफी त्याने स्वतः अजून मागितलेली नाही.